लिंडा काइसेदोच्या आधी काय काय झालं होतं

ऑक्टोबर 2022 मध्ये फिफाचा मुलींचा अंडर-17 वर्ल्डकप आपल्याकडे झाला, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातलं एकच आठवतं, भारताच्या पोरींना अमेरिकेने 8-0 ने हाणलं, मग मोरोक्कोने 3-0, मग ब्राझीलने 5-0, विषय संपला. त्याच्या दोन महिने आधी फिफाने आपल्या फेडरेशनवर बंदी घातली होती आणि स्पर्धाच हातातून जाते की काय अशी वेळ आली होती, ती बंदी अकरा दिवसांत उठली म्हणून वाचलो. पण त्याच स्पर्धेत कोलंबियाची 17 वर्षांची एक फॉरवर्ड खेळत होती, नाव लिंडा काइसेदो. क्वार्टर फायनल आणि सेमी फायनल ती मडगावला फातोर्डा स्टेडियमवर खेळली, फायनल डी. वाय. पाटीलला, आणि नऊ महिन्यांनी तिने सिनियर वर्ल्डकपमध्ये जर्मनीला जो गोल मारला तो स्पर्धेतला सर्वोत्तम गोल ठरला. आता ती रियाल माद्रिदला आहे.

तिच्याबद्दल जे लिहिलं जातं ते साधारण एकाच साच्यातलं असतं, गरीब घर, गावात मुलांबरोबर खेळली, कॅन्सरशी झुंजली, स्टार झाली. खोटं नाहीये त्यातलं काही. पण हे वाचून असं वाटतं की पोरगी आकाशातून पडली, आणि ते मला पटत नाही, कारण तिच्या वयाचं गणित आणि कोलंबियातल्या बायकांच्या फुटबॉलचं गणित शेजारी शेजारी ठेवलं की दिसतं की ती चार-पाच वर्षं आधी जन्मली असती तर चौदाव्या वर्षी खेळायला प्रोफेशनल लीगच नव्हती तिच्या देशात. म्हणून थोडं मागे जाऊ.

कोलंबियाच्या महिला पहिल्यांदा वर्ल्डकपला गेल्या 2011 मध्ये. तीन मॅच, दोन हार, एक बरोबरी, एकही गोल नाही. 2015 ला कॅनडात मेक्सिकोविरुद्ध डॅनिएला मोंतोयाने गोल मारला, तो कोलंबियाचा महिला वर्ल्डकपमधला पहिलावहिला गोल, मग पुढच्याच मॅचला त्यांनी फ्रान्सला 2-0 ने हरवलं. त्या वेळी फ्रान्स म्हणजे कप जिंकू शकणाऱ्यांत गणली जाणारी टीम, त्यामुळे हा निकाल म्हणजे बॉम्बच होता, आणि बाद फेरीत अमेरिकेशी हरून कोलंबिया घरी आली. घरी आल्यावर काय, तर खेळाडू म्हणाल्या आमचे बोनसचे पैसे द्या. मोंतोया त्याबद्दल उघडपणे बोलली आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकच्या टीममधून तिचं नाव गायब झालं. म्हणजे देशाचा पहिला वर्ल्डकप गोल जिच्या नावावर, ती वर्षभरात बाहेर! हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

देशात प्रोफेशनल लीग सुरू झाली 2017 ला, पहिलं जेतेपद बोगोटाच्या सांता फेचं. पुढच्या वर्षी अॅटलेटिको विला नावाचा क्लब लीग जिंकला, आणि डिसेंबर 2018 मध्ये ब्राझीलमधल्या मानाउसमध्ये सांतोस क्लबला पेनल्टीवर हरवून कोपा लिबर्तादोरेससुद्धा जिंकला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. बक्षीस 55 हजार डॉलर. तर त्या टीमची प्लेमेकर योरेली रिंकॉन हिने व्हिडिओ टाकून सांगितलं की हे पैसे आम्हाला नाही, क्लबच्या पुरुष टीमकडे जाणार आहेत. देशभर बोंबाबोंब झाली. आणि हे कमी की काय म्हणून त्याच महिन्यात देपोर्तेस तोलिमा या क्लबचे मालक गाब्रिएल कामार्गो म्हणाले की बायकांच्या फुटबॉलमध्ये पैसा नाही, त्या पुरुषांपेक्षा जास्त दारू पितात आणि त्यातून लेस्बियनपणा वाढतो. हे कुठे कट्ट्यावर बसून नाही, पत्रकारांसमोर. त्यांच्या क्लबलाही महिला टीम होती हे विशेष.

2019 उजाडलं तेव्हा लीग होणार की नाही हेच नक्की नव्हतं. फेब्रुवारीत राष्ट्रीय टीमकडून खेळलेल्या इसाबेला एचेवेरी आणि मेलिसा ऑर्तिझ या दोघींनी व्हिडिओ टाकला, त्यात त्यांनी सरळ सांगितलं की आम्हाला पैसे मिळत नाहीत, विमानाची तिकिटं स्वतःच्या खिशातून काढावी लागतात, कपडे जुने मिळतात आणि बोललं की टीममधून काढतात. त्यांच्यामागे बाकीच्या खेळाडूही उभ्या राहिल्या, अंडर-17 टीममध्ये लैंगिक छळ झाल्याचे आरोपही त्याच सुमारास बाहेर आले, मग सरकारलाही लक्ष घालावं लागलं. त्या दबावाखाली 2019 ची लीग झाली, छोटी झाली पण झाली. कोलंबिया त्या वर्षी वर्ल्डकपलाही नव्हती, म्हणजे सगळं थंड बस्त्यात टाकायला निमित्त तयारच होतं, तरी लीग झाली.

आणि त्याच लीगमध्ये, 2019 ला, अमेरिका दे काली या क्लबकडून 14 वर्षांची एक मुलगी उतरली. हीच ती.

लिंडा 22 फेब्रुवारी 2005 ची, व्हाये देल काउका प्रांतातल्या कांदेलारिया भागातल्या व्हियागोर्गोना गावची, काली शहर तिथून जवळच. हा प्रांत म्हणजे उसाचा मुलूख आणि खेळाडूंची खाण. अमेरिका दे कालीने ती 2019 ची लीग जिंकली, आणि त्या टीममध्ये कातालिना उस्मे होती, जी 2015 ला फ्रान्सविरुद्ध गोल मारणाऱ्या दोघींपैकी एक. म्हणजे पोरगी थेट त्या पिढीच्या मांडीला मांडी लावून शिकली. त्याच वर्षी, अजून चौदाचीच असताना, ती सिनियर राष्ट्रीय टीमकडूनही खेळली.

मग 2020 मध्ये, पंधराव्या वर्षी, ओव्हेरियन कॅन्सर. ऑपरेशन, त्यानंतर काही महिने केमोथेरपी. तिने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की आपण परत खेळू शकणार नाही असं तिला वाटलं होतं. यावर मी जास्त लिहिणार नाही, जगभरातल्या प्रत्येक लेखात हेच पहिलं वाक्य असतं आणि तिची ओळख तेवढीच होऊन बसलीये. कालक्रमासाठी इतकंच, की ती परत आली, तोपर्यंत शहरातल्या दुसऱ्या क्लबात, देपोर्तिवो कालीत गेली होती, आणि 2021 ची लीग त्यांनी फायनलमध्ये सांता फेला हरवून जिंकली. सोळाव्या वर्षी दोन क्लबांकडून दोन जेतेपदं.

आता 2022, आणि हे वर्ष नीट बघायला पाहिजे कारण असं वर्ष कुठल्या 17 वर्षांच्या पोरीला मिळत असेल असं मला वाटत नाही. जुलैमध्ये कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा, कोलंबियातच. तिकडे लीगवाल्यांनी वर्षाच्या उत्तरार्धातली महिला लीग रद्द करून टाकलेली, म्हणजे कोपा संपली की देशातल्या खेळाडूंना खेळायला काही नाही. म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी टीम मूठ वर करून उभी राहिली, स्वतःच्या देशात, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर. आणि टीम जिंकत गेली. सेमी फायनलला अर्जेंटिनाविरुद्ध 1-0, तो एकमेव गोल लिंडाचा, आणि त्या एका गोलवर 2023 चा वर्ल्डकप आणि 2024 चं ऑलिम्पिक दोन्ही पक्कं. बुकारामांगाला फायनलमध्ये ब्राझीलशी 1-0 ने हरले पण स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू लिंडाच ठरली. मुठी वर करणाऱ्यांत डॅनिएला मोंतोयाही होती, हो तीच, 2016 ला बाहेर ठेवलेली, ती तोपर्यंत परत आली होती.

कोपा संपली आणि दोन आठवड्यांच्या आत कोस्टा रिकाला अंडर-20 वर्ल्डकप, तिथे क्वार्टर फायनलपर्यंत. मग ऑक्टोबरात भारत. म्हणजे सिनियर टीमला वर्ल्डकपला पोचवलेली खेळाडू ज्युनियर स्पर्धा खेळायला नवी मुंबईत आणि गोव्यात, आणि आपल्याकडे तिकिटं सहज मिळत होती! तिने चार गोल मारले. फातोर्डाला टांझानियाला 3-0 ने हरवलं, मग नायजेरियाशी 0-0 आणि पेनल्टीवर 6-5, आणि कोलंबिया फायनलला. फिफाच्या कुठल्याही वर्ल्डकपच्या फायनलला पोचलेली ती कोलंबियाची पहिली टीम, पुरुष धरून. पुरुष फुटबॉलमधला स्टार हामेस रोद्रिगेझ याच्या देशाची पहिली वर्ल्डकप फायनल नेरुळला झाली, ज्यांना गंमत वाटायची त्यांनी वाटून घ्या. फायनलला स्पेनने 1-0 ने हरवलं, ग्रुपमध्येही त्यांनीच 1-0 ने हरवलं होतं, आणि फायनलचा गोल कोलंबियाच्याच डिफेंडरकडून स्वतःच्या जाळ्यात गेलेला. स्पेनच्या त्या टीममध्ये विकी लोपेझ होती, सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल तिला मिळाला आणि दुसऱ्या नंबरचा सिल्व्हर बॉल लिंडाला. ती तेव्हाच बार्सिलोनाला होती, ही नंतर माद्रिदला गेली, त्यामुळे डी. वाय. पाटीलची ती जोडी अजून एकमेकींसमोर येतेच.

भारतात असताना तिला युरोपातले क्लब न्यायला टपलेले आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण फिफाच्या नियमाने अठराच्या आतल्या खेळाडूची दुसऱ्या देशात ट्रान्सफर काही अपवाद सोडले तर होत नाही. म्हणून सगळे वाढदिवसाची वाट बघत बसले. 22 फेब्रुवारी 2023 ला ती अठरा झाली आणि दोनच दिवसांत रियाल माद्रिदने सही जाहीर केली. रियालची महिला टीम तेव्हा जेमतेम तीन वर्षांची, 2020 ला सुरू झालेली, म्हणजे एवढ्या मोठ्या क्लबालाही हे फारच उशिरा सुचलं होतं हे पण नोंदवून ठेवायला हवं.

जुलै 2023, ऑस्ट्रेलिया. कोरियाविरुद्ध 2-0, उस्मेने पेनल्टी मारली आणि दुसरा लिंडाचा. दोन दिवसांनी ट्रेनिंगमध्ये ती छातीला हात लावून मैदानावरच आडवी झाली, सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला, टीमकडून सांगण्यात आलं की थकवा आणि ताण. साहजिक आहे हो, बारा महिन्यांत कोपा आणि तीन वर्ल्डकप! आणि 30 जुलैला सिडनीत जर्मनीविरुद्ध ती परत उभी. 52 व्या मिनिटाला बॉक्समध्ये बॉल मिळाला, दोन जर्मन अंगावर, दोघींना एका वळणात सोडलं आणि उजव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात वरती. शेवटी जर्मनीने पेनल्टीवर बरोबरी केली, तरी मानुएला व्हानेगासच्या हेडरवर अगदी शेवटच्या क्षणी कोलंबिया 2-1 ने जिंकली. जर्मनी 1995 नंतर पहिल्यांदा वर्ल्डकपच्या ग्रुप मॅचमध्ये हरली आणि मग पहिल्यांदाच ग्रुपमधूनच घरी गेली. कोलंबिया क्वार्टर फायनलला इंग्लंडशी 2-1 ने हरली, त्यांच्यासाठी तीही पहिलीच वेळ इतकं पुढे जायची.

त्या टीममध्ये मोंतोया होती. योरेली रिंकॉन नव्हती. रिंकॉनचं म्हणणं आहे की बोलल्याबद्दल आपल्याला बाजूला ठेवलं गेलं, कारण काहीही असो, जिच्या व्हिडिओने हा सगळा विषय पेटला तीच मैदानावर नव्हती.

माद्रिदमध्ये लिंडाचं बरं चाललंय पण ट्रॉफीच्या बाबतीत कोरडंच, कारण समोर बार्सिलोना आहे. मार्च 2025 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला आर्सेनलविरुद्ध चिखल झालेल्या मैदानावर तिने गोल मारून 2-0 ची सुरुवात करून दिली, परतीच्या मॅचला लंडनमध्ये 3-0 ने हरले, गेले बाहेर. त्याच आठवड्यात रियालने बार्सिलोनाला महिला क्लासिकोमध्ये पहिल्यांदाच हरवलं, 3-1. त्याआधी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोलंबिया स्पेनशी पेनल्टीवर हरली. ऑगस्ट 2025 ला कीतोमध्ये कोपाची फायनल, परत ब्राझील, लिंडाने पहिला गोल मारला, कोलंबिया तीनदा पुढे गेली, बदली म्हणून आलेल्या ब्राझीलच्या मार्ताने भरपाईच्या वेळेत 3-3 अशी बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइमनंतर 4-4, आणि परत पेनल्टीवर हार. ब्राझीलपुढे यांचं घोडं कायम तिथेच अडतं.

पुढचा वर्ल्डकप 2027 ला, तोही ब्राझीलमध्येच. तेव्हा लिंडा 22 ची असेल.