पार्श्वभूमी : शहीद, हुतात्मा आणि पट्ट्या बांधणारा जवान

गिरणाकाठच्या एका गावात बसथांब्यालगत जवानाचा सिमेंटचा पुतळा आहे. हातात रायफल, पायाशी 'शहीद जवान' अशी अक्षरं. माणूस लष्करात नर्सिंग असिस्टंट होता, म्हणजे जखमींना पट्ट्या बांधणारा. बारावी सायन्स करून भरती झालेला. गावातले म्हातारे आजही सांगतात, 'तो मिल्ट्रीमा डाक्टर व्हता.' स्मृतिदिन जवळ आला की पत्रिकेवर शहीद छापायचं की हुतात्मा, यावरून दरवर्षी जुंपते.

जखमींना उचलणाऱ्यांची नोंद आधीपासूनच पातळ. पहिल्या महायुद्धात डोलीवाले आणि स्ट्रेचरवाले लढणाऱ्या शिपायांत धरलेच जात नव्हते. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची स्मृती आहे, पण भारतीय शिपायांची नावं नाहीत, पलटणीगणिक नुसते आकडे. त्याची जाहीर कबुली यायला २०२१ उजाडलं. लष्कराचं एकसंध वैद्यकीय दल ३ एप्रिल १९४३ चं.

गावातला वाद मात्र १९९९ नंतरचा. १९६२, १९६५ किंवा १९७१ मध्ये घरी यायची ती तार, मागून ट्रंक. अंत्यसंस्कार बहुधा सीमेजवळच उरकलेले असत. कारगिलपासून तिरंग्यात गुंडाळलेली पेटी थेट गावात येऊ लागली. ट्रॅक्टर सजले, शाळा सुटल्या, चौकांना नावं मिळाली. नाव द्यायचं म्हटलं की शब्द लागतोच.

'शहीद' अरबी, मुळात साक्ष देणारा. त्याला पर्याय म्हणून भाषाशुद्धीच्या चळवळीत 'हुतात्मा' घडवला गेला. पण खानदेशात हुतात्मा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते नंदुरबार, ९ सप्टेंबर १९४२, मिरवणुकीवरचा गोळीबार आणि त्यात पडलेली शाळकरी मुलं. हा शब्द त्यांचा, फौजेतल्या पगारी माणसाला तो कसा लावायचा, असं काही जुने लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यानं स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. दुसऱ्याचा रक्तस्राव थांबवताना गेलेल्याला याहून चपखल शब्द नाही.

सरकारी कागदाला यातला एकही शब्द नको असतो. 'शहीद' ही अधिकृत संज्ञा नाही, असं संसदेत सांगून झालंय. २०२२ च्या फेब्रुवारीत लष्करातूनच पत्र निघालं, की इंग्रजीतला 'मार्टर' वापरू नका. पर्याय म्हणून कुणी 'वीरगती' सुचवतं. वीरगती म्हटलं की तलवारच आठवते, स्ट्रेचर नाही.

कागदावर चालतो तो शब्द 'बॅटल कॅझ्युअल्टी', म्हणजे लढाईतला बळी, आणि घरच्यांचं सगळं त्यावर अडलेलं. लढाईतला मृत्यू ठरला तर कुटुंबाला शेवटच्या पगाराइतकी पेन्शन. सेवेमुळे, पण लढाईबाहेर ठरला तर साठ टक्के. जखमी घेऊन निघालेली गाडी दरीत गेली, तर ते कशात बसतं? चौकशी काय म्हणते आणि ती जागा कुठल्या मोहिमेत मोडत होती, त्यावर. फ्लेक्सवरच्या शब्दाने पेन्शन वाढत नाही, हे विधवेला कळतं; पत्रिका छापणाऱ्यांना उशिरा कळतं.

पुतळ्यातली रायफल तशी खोटी नाही. स्वतःच्या आणि रुग्णाच्या बचावासाठी वैद्यकीय जवानाने हत्यार बाळगायला १९४९ च्या जिनिव्हा कराराची मुभा आहे. खटकतं ते पाठीवरच्या औषधांच्या पिशवीचं नसणं.

यंदाच्या पत्रिकेवर तडजोड म्हणून 'वीर जवान' छापलं. फलकावर सैन्य क्रमांक आहे, पलटणीचं नाव आहे. तेही ज्या पायदळाबरोबर त्याला जोडून पाठवलं होतं, त्या पलटणीचं. त्याच्या स्वतःच्या दलाचं नाव आणि 'नर्सिंग असिस्टंट' हे दोन शब्द कोरायला खाली बोटभर जागा मोकळी आहे.