चाकांवरून बर्फावर: आंतरराष्ट्रीय फिगर स्केटिंगची निवड कशी होते
(पालक व स्केटर यांच्यासाठी माहितीपत्रक. स्केट विक्री, ब्लेड बसवणे व धार, विश्रामबाग, सांगली)

जिल्ह्याची आणि राज्याची स्केटिंगची पदके घेऊन पालक विचारतात, की यावर फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळेल का. मिळत नाही. चाकांचे स्केटिंग आणि बर्फावरचे फिगर स्केटिंग यांच्या संघटनाच वेगळ्या आहेत. बर्फाचा कारभार इंटरनॅशनल स्केटिंग युनियनकडे, म्हणजे आयएसयूकडे. भारतातर्फे तिथे नाव पाठवते आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. खेळाडूला, क्लबला किंवा प्रशिक्षकाला थेट अर्ज करता येत नाही.

वय आधी तपासा. हंगाम 1 जुलैला सुरू होतो आणि वय त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे धरतात. ज्युनियर सिंगल्ससाठी (एकट्याने उतरायचा प्रकार) 13 पूर्ण हवीत आणि 19 पूर्ण झालेली नसावीत. सीनियरची किमान मर्यादा 2024-25 च्या हंगामापासून 17 आहे. म्हणजे 2025-26 च्या सीनियर स्पर्धांना 30 जून 2008 ला जन्मलेली मुलगी चालते, 1 जुलैला जन्मलेली चालत नाही. पासपोर्ट काढताना जन्मदाखल्यावरचीच तारीख टाका. शाळेत वय बदलून लावले असेल तर ते आत्ताच निस्तरा.

त्यानंतर दोन अटी, आणि दोन्ही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: देशाकडे जागा हवी आणि स्केटरकडे किमान तांत्रिक गुण (उड्या, गिरक्या अशा घटकांचे) हवेत.

जागेचा हिशेब सोपा आहे. जागतिक स्पर्धेत प्रत्येक सदस्य देशाला प्रत्येक प्रकारात एक जागा असतेच, कमाल तीन. एकच स्केटर उतरला आणि तो पहिला किंवा दुसरा आला तर पुढच्या वर्षी तीन जागा, तिसरा ते दहावा आला तर दोन. दोघे किंवा तिघे उतरले तर उत्तम दोघांच्या क्रमांकांची बेरीज करतात: 13 पर्यंत तीन जागा, 28 पर्यंत दोन. जागा देशाची असते, ती मिळवून देणाऱ्या स्केटरची नव्हे. आपल्याकडच्या मुलांसाठी फोर कॉन्टिनेंट्स ही स्पर्धा जास्त हाताशी आहे. युरोप सोडून बाकी खंडांची ही स्पर्धा. तिथे प्रत्येक देश आधीच्या क्रमांकाचा विचार न करता प्रत्येक प्रकारात तीनपर्यंत नावे देऊ शकतो. गुणांची अट मात्र तिथेही आहे.

खरी अडचण या गुणांचीच. शॉर्ट प्रोग्रॅम (छोटे सादरीकरण) आणि फ्री स्केट (लांबचे सादरीकरण) या दोन्हींचे किमान तांत्रिक गुण वेगवेगळे गाठावे लागतात. ते दोन वेगळ्या स्पर्धांत गाठले तरी चालतात, पण स्पर्धा आयएसयूमान्य आंतरराष्ट्रीय हवी आणि चालू किंवा लगेच आधीच्या हंगामातली हवी. राष्ट्रीय अजिंक्यपदातले गुण यात धरत नाहीत. राष्ट्रीय विजेता असूनही नाव जात नाही, ते यामुळे. आकडे स्पर्धेनुसार आणि हंगामानुसार बदलतात. आयएसयूचे ताजे परिपत्रक पाहूनच लक्ष्य ठरवा.

गुण कुठे गळतात तेही पाहा. डबल अॅक्सेल (पुढे तोंड करून मारायची अडीच फेऱ्यांची उडी) हिचे मूळ गुण 3.30. हवेतले फिरणे पाव फेऱ्याहून जास्त अपुरे राहिले की 2.64. अर्धा फेरा किंवा जास्त कमी पडला की तो सिंगल अॅक्सेल धरतात, 1.10. फेरे पूर्ण करून पडले तर 1.65, शिवाय पडल्याचा एक गुण एकूण बेरजेतून जातो, तांत्रिक गुणांतून नाही. म्हणून फेरे पूर्ण करून पडणे हे अर्धवट फिरून पायावर उतरण्यापेक्षा कधीकधी परवडते. सीनियर मुलींच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये मुळातच सिंगल अॅक्सेल मारला तर शून्यच. सातपैकी एक घटक गेला की किमान गुण गाठणे फार अवघड. संगीत आणि सादरीकरणाचे गुण वेगळे मोजतात, ते इथे उपयोगी पडत नाहीत. महागडा पोशाख तर नाहीच.

आमचे मत विचाराल तर आधी स्पिन (जागच्या जागी घ्यायच्या गिरक्या) पक्के करा. पाय आणि शरीराची स्थिती बदलून केलेल्या कॉम्बिनेशन स्पिनला अवघडपणाच्या बेसिक लेव्हलवर 1.70 आणि चौथ्या लेव्हलवर 3.50 मिळतात. हा फरक भरून काढायला ट्रिपल (तीन फेऱ्यांच्या) उड्यांच्या मागे वर्षे घालवावी लागत नाहीत, आणि गुडघेही वाचतात.

ऑलिंपिकचा कोटा आणखी आखूड. 2026 साठी सिंगल्सच्या मुलामुलींना प्रत्येकी 29 जागा: 24 बोस्टनच्या 2025 च्या जागतिक स्पर्धेतून, उरलेल्या बीजिंगच्या पात्रता स्पर्धेतून.

सराव बर्फावरच व्हायला हवा आणि सांगलीत बर्फ नाही. गुरुग्रामला रिंक आहे, देहरादूनला हिमाद्री रिंक आहे. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरून दोन्हीकडे जाता येते. सिमल्याचा रिंक उघड्यावरचा, फक्त हिवाळ्यात. इथे घरी असताना पुढे टो-पिक (बर्फाच्या ब्लेडच्या टोकाला दाते असतात तसा भाग) असलेली, एका ओळीत चाके असणारी इनलाइन फ्रेम वापरा. उड्यांचा आणि फिरकीचा सराव तिच्यावर होतो. स्पीडच्या क्वाडवरून (दोन-दोन चाकांच्या जोडीच्या स्केटवरून) आलेली मुले बर्फावर टो-पिकने ढकलत पुढे जातात. ती सवय पहिल्याच आठवड्यात मोडा, ढकलायचे ते ब्लेडच्या आतल्या एजने (कडेने).

आता आमच्याकडचे काम. फिगर ब्लेडच्या तळाला दोन एजच्या मध्ये असलेल्या खोबणीची त्रिज्या आम्ही साधारण अर्धा इंच ठेवतो. दोन्ही एज एका पातळीत आहेत का, हे ब्लेडवर आडवी पट्टी ठेवून तुमच्यासमोर दाखवतो. पट्टी तिरकी दिसली तर ब्लेड घेऊ नका. टो-पिक घासून घेऊ नका, कोणी सुचवले तरी. बर्फावरून आल्यावर ब्लेड पुसून कापडी कव्हर घाला. प्लॅस्टिकचे गार्ड फक्त चालण्यापुरते, त्यात रात्रभर ठेवले की गंज धरतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी धार करू नका. त्या धारेवर दोन-तीन सराव होतील इतके आधी या, आणि येताना बूट-ब्लेडची जोडी सोबत आणा, नुसते ब्लेड नको.