अंध आणि अल्पदृष्टी रुग्णांसाठी: यूडीआयडी कार्ड कसे काढावे, रुग्णालयात सोयी कशा मागाव्यात

यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, हातात आल्याशिवाय रुग्णालयात काही मागता येत नाही, असे बरेच अंध आणि अल्पदृष्टी रुग्ण धरून चालतात. कायदा तसे म्हणत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २५ नुसार सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाच्या सर्व भागांत विनाअडथळा वावरता यावे आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य मिळावे, यासाठी पावले उचलण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. या कलमात किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. ती नोकरीतील आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. तरीही कार्ड काढून ठेवा. आपल्याला किती कमी दिसते हे दर खेपेला नव्या खिडकीवर नव्याने पटवून देणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

पात्रता

मोजमाप नेहमी दोनपैकी चांगल्या डोळ्याचे आणि योग्य चष्मा लावून होते. अजिबात दिसत नसेल, दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र (नजर समोर ठेवून आजूबाजूला दिसणारा भाग) १० अंशांपेक्षा कमी असेल, तर कायद्याच्या भाषेत ते अंधत्व. ३/६० म्हणजे निकोप डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर ओळखायला ३ मीटरवर यावे लागणे. दृष्टी ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी पण १० अंशांपर्यंत असेल, तर अल्पदृष्टी.

काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार) असलेल्यांनी दृष्टिक्षेत्राच्या मुद्द्यावर जरूर लक्ष द्यावे. समोरचा तक्ता नीट वाचता येतो, पण बाजूचे काहीच दिसत नाही, अशी त्यांची स्थिती असू शकते. फक्त तक्ता वाचून घेतला जात असेल तर दृष्टिक्षेत्राची तपासणी स्वतःहून मागा. एकच डोळा निकामी आणि दुसरा चांगला असेल, तर साधारण ३० टक्के दिव्यांगत्व धरले जाते.

अर्ज आणि कागदपत्रे

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्व प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळते. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड या दोन्हींसाठी स्वावलंबन कार्डाच्या (यूडीआयडी कार्डाचेच दुसरे नाव) सरकारी पोर्टलवर अर्ज भरावा. फोटो, सही किंवा अंगठ्याचा ठसा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. डोळ्यांच्या जुन्या तपासण्यांचे कागद आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे डिस्चार्ज कार्ड तपासणीच्या दिवशी सोबत ठेवा. अर्ज राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे करता येतो, किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडेही. अर्जदार अल्पवयीन असेल तर पालक अर्ज करू शकतात.

पुढे नेत्रतज्ज्ञ तपासून टक्केवारी ठरवतात. दृष्टीत बदल होण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्रावर मुदत असते, नसेल तर ते कायमस्वरूपी मिळते. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ७९ ला पिवळे आणि ८० किंवा अधिकला निळे कार्ड असते. टक्केवारी पटली नाही तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करा. ही मुदत चुकवू नका.

निरामया आरोग्य विम्याबद्दल अनेकजण विचारतात. ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. फक्त दृष्टिदोष असेल तर ती लागू होत नाही.

रुग्णालयाला द्यायचा अर्ज

यासाठी छापील नमुना शोधत बसू नका. साध्या कागदावर किंवा ईमेलने रुग्णालयाच्या अधीक्षकांना लिहा. ‘सहकार्य करावे’ एवढेच लिहिले तर हाती काही लागत नाही, म्हणून मागणी नेमकी हवी. उदाहरणार्थ, असे लिहा: संमतीपत्र सहीआधी मला पूर्ण वाचून दाखवावे, आणि तेही चारचौघांत नको. अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) वाचता येईल अशा मजकुराच्या फाइलमध्ये द्यावे. सही-शिक्क्याच्या कागदाचा नुसता फोटो स्क्रीन रीडरला कोराच असतो. टोकन क्रमांक तोंडी पुकारावा. डॉक्टरांनी सोबतच्या नातेवाइकाशी नव्हे, माझ्याशी बोलावे.

औषधांचे मात्र वेगळे लिहा. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या हाताला सारख्याच लागतात आणि अदलाबदल झाली तर इजा होऊ शकते. एका बाटलीला रबरबँड लावून द्यावे, आणि कोणते औषध कधी घ्यायचे ते माझ्या फोनवर बोलून रेकॉर्ड करावे, अशी मागणी करा. दोन मिनिटांचे काम आहे, त्याला नाही म्हणायला सबळ कारण नाही. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालणार असतील तर आधी सांगावे, हेही लिहा. उरलीसुरली नजर त्यानंतर काही तास साथ देत नाही आणि एकट्याने घरी जाणे अवघड होते.

या गरजांची नोंद केसपेपरच्या पहिल्या पानावर करून घ्या आणि अर्जाची पोच मागा.

दाद मिळाली नाही तर

पोच आणि अर्जाची प्रत जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. केंद्र सरकारच्या रुग्णालयाबद्दल तक्रार असेल तर ती दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे जाते. कलम ८९ नुसार कायद्याचे पहिले उल्लंघन केल्यास १०,००० रुपयांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीत तारीख, विभाग, काय मागितले होते आणि काय उत्तर मिळाले, एवढे क्रमाने लिहा.