घट्ट झालेल्या नेलपेंटला थिनर हवा, रिमूव्हर नव्हे

गौरी-गणपती जवळ आले की कोकणातल्या घराघरांत नेलपेंटच्या बाटल्या कपाटातून बाहेर निघतात. आंगणेवाडीच्या जत्रेत घेतलेला मोरपिशी, बांगड्या भरताना कासाराकडून उचललेला राणी, मुंबईच्या मावशीने पाठवलेला चकाकीवाला. झाकण उघडलं की निम्म्या बाटल्यांत रंग घट्ट. मग हमखास कुणीतरी म्हणतं, "अगं, दोन थेंब रिमूव्हर टाक, होईल पातळ." आई मुलीला सांगते, वहिनी नणंदेला सांगते, आणि चांगल्या बाटल्या वाया जातात. रंग जीव लावून जमवणाऱ्या प्रत्येकीने हे एकदा नीट समजून घ्यायलाच हवं.

रिमूव्हर तुम्हाला माहीत आहे. कापसावर घ्यायचा, नखावर दाबून धरायचा, पुसायचं. वाळलेला थर विरघळवून नखावरून उतरवणं एवढंच त्याचं काम. थिनर ही वेगळी बाटली, बहुतेक वेळा ड्रॉपरची. तो नखाला लावायचाच नसतो, थेट रंगाच्या बाटलीत सोडायचा असतो. दोन्ही पाण्यासारखे दिसतात, दोन्हींना तसाच झणझणीत वास येतो आणि दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

खरा फरक कळायला आधी रंग घट्ट का होतो ते पाहू. साध्या नेलपेंटमध्ये नायट्रोसेल्युलोज (वाळल्यावर थर बनवणारं द्रव्य), रेझिन (थराला चिकटपणा आणि चमक देणारं) आणि रंगद्रव्य असतं, आणि हे सगळं मुख्यतः एथिल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटिल अ‍ॅसिटेट या द्रावकांत, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवांत, विरघळवलेलं किंवा मिसळलेलं असतं. नखावर लावल्यावर द्रावक उडून जातो आणि थर मागे राहतो. त्यालाच आपण 'वाळलं' म्हणतो. बाटली उघडी राहिली की हेच आतही थोडं थोडं घडतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर भराभर. म्हणजे रंग खराब झालेला नसतो, त्यातून फक्त द्रावक कमी झालेला असतो. थिनरमध्ये साधारण तेच एथिल आणि ब्यूटिल अ‍ॅसिटेट असतात. जे उडालं तेच परत भरलं, म्हणून बाटली पूर्ववत होते.

आता रिमूव्हर. त्यातलं मुख्य द्रव्य बहुतेकदा अ‍ॅसिटोन. तो ५६ अंश सेल्सिअसला उकळतो, एथिल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना आणि ब्यूटिल अ‍ॅसिटेट १२६ अंशांना. हे आकडे बघितले की सगळा उलगडा होतो. नेलपेंट नखावर सपाट, गुळगुळीत बसतं ते सावकाश उडणाऱ्या ब्यूटिल अ‍ॅसिटेटमुळे. ब्रशच्या रेघा मिटायला तो वेळ देतो. अ‍ॅसिटोन टाकला की बाटली त्या दिवशी पातळ दिसते, आणि सल्ला देणारी खूश होते. पण तो इतक्या घाईने उडतो की ब्रश नखाच्या टोकाला पोचेपर्यंत मागचा भाग ओढला जायला लागतो. रेघा तशाच राहतात, बुडबुडे येतात. आणि काही दिवसांनी बाटली पुन्हा घट्ट, कारण घातलेला अ‍ॅसिटोन आधी निघून गेला.

कोकणात याच्या जोडीला आणखी एक दुखणं. द्रावक झटकन उडतो तेव्हा थराचा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर उतरते. नायट्रोसेल्युलोजला पाणी चालत नाही, त्यामुळे थरावर पांढुरकी साय धरते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते आणि भाद्रपदातही ती फारशी हटत नाही. लालभडक रंग ऐन सणाला धुरकट दिसला की कंपनीला नावं ठेवली जातात. आधी बाटलीत काय ओतलं होतं ते आठवून पाहा.

इथे हुशार मुली विचारतात, "माझा रिमूव्हर अ‍ॅसिटोन-फ्री आहे, त्यात एथिल अ‍ॅसिटेटच लिहिलंय. मग तो का चालू नये?" प्रश्न रास्त आहे आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एथिल अ‍ॅसिटेट असतो हे खरं, पण एकटा नसतो. रिमूव्हर त्वचेला लागणार म्हणून त्यात पाणी असतं, नख कोरडं पडू नये म्हणून ग्लिसरीन किंवा तेल असतं, वर सुगंध आणि कधी निळा-गुलाबी रंगही. नखावर हे सगळं उपकारक, बाटलीत सगळं घातक. पाण्याने नायट्रोसेल्युलोजच्या गुठळ्या होतात, तेलाने थर नखाला धरत नाही आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सालासारखा निघतो. तेव्हा बाटलीच्या पुढच्या बाजूचं मोठं अक्षर सोडा, मागची घटकांची बारीक यादी वाचा. त्यात 'अ‍ॅक्वा' (म्हणजे पाणी) किंवा ग्लिसरीन दिसलं की तो थिनर नव्हे.

दुसरी गोष्ट जिची मला मनापासून चीड येते, ती म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून "थिनर" आणणं. तिथे टर्पेंटाइन मिळेल, ज्यात नायट्रोसेल्युलोज विरघळतच नाही. किंवा सुतार पॉलिशसाठी वापरतात तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, थिनर मिळेल. फर्निचरच्या लॅकरमध्येही बहुतेकदा नायट्रोसेल्युलोजच असतं, म्हणून त्याने नेलपेंट पातळ होईलही. पण त्यात सहसा टोल्यूइन हा अपायकारक द्रावक असतो. बाटलीवर 'थ्री-फ्री' लिहितात ते टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्यूटिल थॅलेट ही तीन द्रव्यं आत नाहीत हे सांगायला. चार पैसे जास्त देऊन तसं नेलपेंट घ्यायचं आणि मग त्यात लाकडाचा थिनर ओतायचा, याला काय म्हणावं? नेलपेंटचा थिनर मागा. गावातल्या दुकानात नसेल तर रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीला पार्लरचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा.

वापरायची रीत सोपी आहे. आधी बाटली दोन्ही तळव्यांत धरून मिनिटभर गोल फिरवा. नेलपेंटमधली माती, म्हणजे रंग तळाशी बसू नये म्हणून घातलेली खास चिकणमाती, रंगाला नुसतं ठेवल्यावरही दाटपणा देते. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर दोन-तीन थेंब थिनर, पुन्हा फिरवणं, थोडा वेळ थांबणं. मग ब्रश वर उचलून पाहा. पाकासारखी तार सुटत असेल तर अजून एखाद-दोन थेंब. थेंब सुटा पडला की थांबा. घाईने जास्त ओतलात तर रंग विरळ होतो आणि तीन थर देऊनही नख झाकलं जात नाही.

चकाकीवाल्या बाटल्यांना थिनर सगळ्यात आधी लागतो, आणि रिमूव्हरचा घाव त्यांनाच सगळ्यात खोल बसतो. अ‍ॅसिटोनने चकाकीच्या कणांचा रंग सुटू शकतो. रुपेरी कण गुलाबी पाण्यात पोहताना दिसले तर ती बाटली गेली.

रिमूव्हरला बाटलीपाशी एक काम मात्र आहे. बाटलीच्या गळ्याशी वाळलेल्या रंगाची कड साठते, झाकण घट्ट बसत नाही आणि द्रावक हळूहळू निसटत राहतो. कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये बुडवून पिळून घ्या आणि गळा व झाकणाचे आतले आटे स्वच्छ पुसा. थेंब आत जाऊ देऊ नका. एवढं केलंत तर थिनर क्वचितच लागेल.

कोमट पाण्यात बाटली ठेवण्याचा उपाय तात्पुरता. गरम असेपर्यंत रंग वाहतो, गार झाला की पुन्हा तसाच, कारण उडालेला द्रावक काही परत आलेला नसतो. फ्रिजही मला पसंत नाही. गार नेलपेंट उलट दाट होतं. उन्हापासून दूर, खालच्या खणात उभ्या ठेवलेल्या बाटल्या सगळ्यात चांगल्या राहतात.

दोन्ही द्रव पटकन पेट घेतात. समई तेवत असताना तिच्याशेजारी बसून कुठलीच बाटली उघडू नका. आणि दिव्याखाली पक्कं होणारं खरं जेल पॉलिश असेल तर त्यात हा थिनर घालूच नका. ते द्रावक उडून वाळत नाही, तर अतिनील प्रकाशाने घट्ट होतं. म्हणून तर त्याच्या बाटल्या आरपार न दिसणाऱ्या असतात.