बालेवाडीतून गेलेली एटीपी स्पर्धा: पार्श्वभूमी

जानेवारी २०२३च्या पहिल्या आठवड्यात पुण्यात बालेवाडीला झालेली पुरुष टेनिसची 'महाराष्ट्र ओपन' स्पर्धा जाहिरातींमध्ये 'पाचवी' होती. एटीपी टूरच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेच्या, नोंदींत तीच सत्ताविसावी ठरते. आकडे दोन्ही बरोबर. पुण्याने आपल्याकडच्या स्पर्धा मोजल्या, टूरने स्पर्धा भरवण्याच्या मूळ परवान्याचं वय मोजलं. स्पर्धा बंद का पडली हे समजून घ्यायचं तर दुसरी मोजणी धरावी लागते, कारण पुण्याकडे फक्त यजमानपद होतं. परवाना पुण्याच्या मालकीचा कधीच नव्हता.

त्याआधीचं थोडक्यात. १९७३ ते १९७९ या काळात ग्रां प्री या तेव्हाच्या टेनिस मालिकेतली भारतीय स्पर्धा दिल्ली, कोलकाता, मुंबई अशी शहरं बदलत होत असे. नंतर मोठा खंड पडला. १९९६ साली दिल्लीत नवी स्पर्धा सुरू झाली आणि वर्षभरात चेन्नईला गेली. नुंगमबाक्कमच्या स्टेडियमवर ती २१ वर्षं टिकली. सुरुवातीला ती एप्रिलमध्ये होई, पुढे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. या बदलानेच तिचं महत्त्व वाढलं. युरोपातून ऑस्ट्रेलियन ओपनसाठी मेलबर्नला निघालेल्या खेळाडूला वाटेत उतरून मोकळ्या हवेत, हार्ड कोर्टवर चार-पाच सामने खेळायला मिळत. २००८मध्ये जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूने इथे जवळपास चार तासांची उपांत्य लढत जिंकली आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामना ०-६, १-६ असा घालवला. राफेल नदाल या स्पॅनिश डावखुऱ्याच्या नावापुढे असे आकडे क्वचितच दिसतात.

मिळालेली स्पर्धा निघून जाण्याचा अनुभव महाराष्ट्राला आधीही आला होता, पण चेन्नईची स्पर्धा पुण्याला येणार या २०१७च्या आनंदात त्याची आठवण कुणी काढली नाही. शांघायमध्ये होणारी एक स्पर्धा २००५मध्ये हो ची मिन्ह सिटीला गेली, २००६ आणि २००७मध्ये मुंबईत खेळली गेली आणि २००८साठी बेंगळुरूला ठरली. तिथे सुरक्षेच्या कारणावरून ती रद्दच झाली. मुंबईच्या वाट्याला दोन वर्षं आली, आणि देशात एटीपीची एकच स्पर्धा उरली.

टूरच्या कॅलेंडरमध्ये २५० दर्जाच्या, म्हणजे विजेत्याला २५० गुण देणाऱ्या, स्पर्धांची संख्या मर्यादित असते. नव्या शहराला स्पर्धा हवी असेल तर अस्तित्वात असलेला परवाना विकत घ्यावा लागतो किंवा काही वर्षांसाठी भाड्याने. चेन्नईच्या स्पर्धेचा परवाना एका बहुराष्ट्रीय क्रीडा व्यवस्थापन कंपनीकडे होता. राज्य संघटना स्टेडियम, पंच, चेंडूमुलं आणि स्थानिक परवानग्या सांभाळायची. खर्च बक्षिसाच्या रकमेवर थांबत नाही. मुख्य फेरीतल्या खेळाडूंची हॉटेलं, वाहतूक, प्रक्षेपण आणि २५० दर्जाला मुभा असलेलं हजेरीचं मानधन, हे सगळं त्यावर चढतं. या दर्जात तिकीटविक्री हा खर्च पेलू शकत नाही. तो शीर्षक प्रायोजकावर आणि सरकारी मदतीवर तोलला जातो.

म्हणून स्पर्धा पुण्याला नेण्याचा जुलै २०१७चा निर्णय चेन्नईत 'स्पर्धा पळवली' आणि पुण्यात 'स्पर्धा आणली' असा वाचला गेला, तरी दोन्ही वाचनं अर्धवट आहेत. चेन्नईचा शीर्षक प्रायोजक एक दूरसंचार कंपनी होती. कर्जात बुडालेल्या त्या कंपनीने फेब्रुवारी २०१८मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. डिसेंबर २०१६मध्ये तमिळनाडूत मुख्यमंत्र्यांचं निधन आणि पाठोपाठ वरदा चक्रीवादळ, अशा अवस्थेत चेन्नईने शेवटची स्पर्धा पार पाडली होती. पुण्याकडे सरकारचा पाठिंबा होता आणि १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं संकुल होतं. परवानाधारकाने हिशेब केला, एवढंच. चेन्नईच्या २१ वर्षांच्या प्रेक्षकाला त्या हिशेबात जागा नव्हती, ही तक्रार मात्र रास्त आहे.

पुण्यातली पहिली दोन वर्षं जोमाची होती. २०१८ आणि २०१९, दोन्ही वेळा अव्वल मानांकित खेळाडू जगात सहावा होता. २०१९च्या अंतिम सामन्यात २०३ आणि २११ सेंटिमीटर उंचीचे दोन सर्व्हिसबहाद्दर भिडले आणि तिन्ही सेट टायब्रेकवर गेले: ७-६, ६-७, ७-६. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. हवा किंचित विरळ असल्याने चेंडू चेन्नईपेक्षा वेगाने निघतो, आणि असल्या खेळाडूंना तेवढंही पुरतं. त्याच वर्षी दुहेरी भारतीय जोडीने जिंकली. एकेरीचं विजेतेपद मात्र २७ वर्षांत एकाही भारतीयाला मिळालं नाही. २००९चं उपविजेतेपद हीच सर्वोच्च मजल.

घसरण सुरू झाली तारखेपासून. पुण्याच्या चुका शोधणारे बालेवाडीची वाहतूक आणि रिकाम्या खुर्च्या मोजतात, पण मूळ दुखणं कॅलेंडरचं होतं. २०२०मध्ये जानेवारीचे पहिले दहा दिवस ऑस्ट्रेलियातल्या नव्या सांघिक स्पर्धेने व्यापले आणि पुण्याची स्पर्धा फेब्रुवारीत, ऑस्ट्रेलियन ओपननंतरच्या आठवड्यात ढकलली गेली. त्या आठवड्यात माँपेलिएमध्ये इनडोअर हार्ड कोर्टवर आणि कोर्दोबात क्ले कोर्टवर स्पर्धा असत. इनडोअर खेळणाऱ्याला पुढच्याच आठवड्यात रॉटरडॅमची ५०० दर्जाची स्पर्धा मिळे, क्लेवाल्याला दक्षिण अमेरिकेतली मालिका. पुण्यानंतर पुढे काहीच नव्हतं. मेलबर्नहून मुंबई, तिथून द्रुतगती मार्गाने पुणे, आणि आठवड्याने पुन्हा युरोप. वरच्या खेळाडूने असा प्रवास का करावा?

त्यात ड्रॉचं गणित. एकेरीचा ड्रॉ २८ जणांचा, त्यात तीन वाइल्ड कार्डवाले (आयोजकांनी थेट जागा दिलेले) आणि चार पात्रता फेरीतून आलेले. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळता थेट दुसरी फेरी. तेव्हा विजेत्याला २५०, उपविजेत्याला १५०, उपांत्य फेरीला ९०, त्याखाली ४५ आणि २० गुण होते. बाय मिळालेला खेळाडू आपला पहिलाच सामना हरला तर त्याला पहिल्या फेरीचेच, म्हणजे शून्य गुण मिळतात. एवढा उलटा प्रवास करून शून्य हाती पडण्याचा धोका घ्यायचा तर हजेरीचं मानधन तसंच तगडं लागतं.

२०२१ची स्पर्धा साथीमुळे झालीच नाही. २०२२चीही फेब्रुवारीच्या उंबरठ्यावर खेळली गेली. दुहेरीत पुन्हा भारतीय जोडी जिंकली. या दोन्ही फेब्रुवारीच्या स्पर्धांत जगातल्या पहिल्या दहांतला एकही खेळाडू नव्हता. २०२३मध्ये तारीख परत जानेवारीत आली, पण तो आठवडा जुना राहिला नव्हता. ऑस्ट्रेलियात नवी मिश्र सांघिक स्पर्धा आणि ॲडलेडची २५० दर्जाची स्पर्धा त्याच दिवसांत होत्या, आणि पहिल्या दहांतले खेळाडू पुण्याकडे आलेच नाहीत. अव्वल मानांकिताने उपांत्यपूर्व सामन्याआधी गुडघ्यामुळे माघार घेतली. अंतिम सामना नेदरलँड्सच्या खेळाडूने ४-६, ७-५, ६-३ असा जिंकला. त्यानंतर करार पुढे सरकला नाही. २०२४च्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या जागी हाँगकाँग आलं, जिथे २००२नंतर पुरुषांची टूर स्पर्धा झाली नव्हती.

नावांचा गोंधळ तेवढा मागे राहिला. 'चेन्नई ओपन' हे नाव २०१८पासून पुरुषांच्या चॅलेंजर (टूरच्या खालच्या पातळीवरच्या) स्पर्धेला लागलं, २०२२मध्ये महिलांच्या २५० दर्जाच्या स्पर्धेला. या दोन्ही स्वतंत्र स्पर्धा आहेत, जुन्या परवान्याशी त्यांचा संबंध नाही. फेब्रुवारी २०२४पासून बालेवाडीत होणारी 'महा ओपन' हीसुद्धा चॅलेंजर: ड्रॉ ३२चा, विजेत्याला १०० गुण. क्रमवारीत दोनशे-तीनशेच्या आसपास असलेल्या भारतीय खेळाडूला तीच जास्त कामाची आहे, कारण तिथे तो एखाद-दोन सामने जिंकू शकतो. २०२३मध्ये पुण्याच्याच पंधरा वर्षांच्या मुलाला मुख्य फेरीचं वाइल्ड कार्ड मिळालं होतं. टूर पातळीवरच्या स्पर्धेत तशी जागा द्यायचा अधिकार आता राज्यातल्या कुणाकडे नाही.