हॉस्पिटलमधल्या श्वसनविषाणू साथीचा तपास

फ्लू, कोविड, आरएसव्ही (लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त त्रास देणारा श्वसनविषाणू) असल्या श्वासातून पसरणाऱ्या विषाणूची लागण पेशंटला बाहेरून झाली की हॉस्पिटलातच झाली, हॉस्पिटलात झाली तर कोणत्या वॉर्डात, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या सहवासात, हे पुराव्यानिशी शोधायचं आणि शोध चालू असतानाच साथ तोडायची, या कामाला हॉस्पिटलमधल्या साथीचा तपास म्हणतात. पाय मोडला म्हणून ॲडमिट असलेल्या माणसाला दहाव्या दिवशी ताप-खोकला सुरू झाला, शेजारच्या कॉटवरच्याला पण झाला आणि त्याच वॉर्डाच्या दोन सिस्टर एकाच आठवड्यात आजारी रजेवर गेल्या, की तपास लगेच सुरू करायचा, लॅबचा रिपोर्ट हातात यायची वाट बघत बसायची नाही.

सगळा हिशोब दोन तारखांवर चालतो, ॲडमिट झाल्याची तारीख आणि पहिलं लक्षण दिसल्याची तारीख. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत फ्लूला १ ते ४ दिवस लागतात, आरएसव्हीला २ ते ८, कोविडला २ ते १४, म्हणून ॲडमिट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खोकणारा पेशंट बहुतेक घरूनच आजार घेऊन आलेला असतो आणि विसाव्या दिवशी खोकायला लागलेल्याला तो हॉस्पिटलातच लागलेला असतो. कोविडच्या वेळेला इंग्लंडमधे यासाठी ठोक नियम केला होता, ॲडमिट झाल्यापासून ८ ते १४ दिवसांत लागण दिसली तर बहुधा हॉस्पिटलातली, १५ दिवस किंवा त्यापुढं असेल तर नक्की हॉस्पिटलातली. दुसऱ्या आणि आठव्या दिवसाच्या मधले दिवस मात्र संशयाचेच राहतात, तिथं नकाशा आणि लोकांची विचारपूस कामाला येते.

केस कोणाला म्हणायचं हे आधी लिहून ठेवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ३८ अंश किंवा जास्त ताप, खोकला आणि सुरुवात गेल्या १० दिवसांतली असेल तर फ्लूसारखा आजार धरतात, आणि त्यात ॲडमिट करायची वेळ आली तर ती 'सारी' म्हणजे श्वसनाचा तीव्र आजार, जो शब्द २०२० पासून आपल्याकडं पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत झाला. पण वॉर्डात तपास करताना ही व्याख्या थोडी सैल धरलेली बरी, कारण म्हाताऱ्या माणसाला किंवा डायलिसिसवरच्या पेशंटला कधी कधी ताप येतच नाही, नुसती धाप वाढते किंवा जेवण तुटतं. मग प्रत्येक केसची एक ओळ असलेला तक्ता करायचा, त्यात वय, वॉर्ड, कॉट नंबर, ॲडमिटची तारीख, लक्षणाची तारीख, स्वॅबची तारीख, कुठं कुठं हलवलं, कोण कोण जवळ होतं, हे सगळं भरायचं.

आणि मराठवाड्यातल्या हॉस्पिटलांत खरी अडचण इथंच येते, कारण तक्ता भरला जातो रजिस्टरवरून आणि वॉर्डातली निम्मी माणसं रजिस्टरमधे नसतातच. एका पेशंटमागं एक तरी नातेवाईक रात्रंदिवस असतो, बरेचदा दोघं-तिघं, कॉटखाली सतरंजी टाकून झोपतात, व्हरांड्यात डबा खातात, एकजण गावाकडं जातो आणि बदली दुसरा येतो, शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीला पाणी पाजणारे, सलाइन संपली म्हणून सिस्टरला हाक मारणारे पण हेच. त्यांच्याशिवाय वॉर्ड चालणार नाही हे खरं आहे, म्हणून त्यांना हाकलणं हा उपाय नाही, त्यांना तक्त्यात घेणं हा उपाय आहे. माझं तर मत असंय की इथं कॉट नंबरच्या रकान्याशेजारी 'सोबत कोण' हा रकाना छापूनच यायला पाहिजे.

विचारायची पण एक पद्धत लागते. तारीख विचारली तर बऱ्याच जणांना सांगता येत नाही, पण 'आज्जी, कधीपासून खोकायलात?' असं विचारलं तर 'मंगळवारच्या बाजारापासून' किंवा 'अमावस्येच्या आदल्या दिवसापासून' असं एकदम पक्कं उत्तर मिळतं, आणि तपास करणाऱ्यानं समोर कॅलेंडर धरून त्याची तारीख काढायची. गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, पोळा कधी होता, पोरीच्या सासरचे भेटायला कधी आले होते, यावरून लक्षणाचा दिवस जेवढा नीट सापडतो तेवढा केसपेपरवरून सापडत नाही, कारण केसपेपरवर खोकला त्या दिवशी लिहिला जातो ज्या दिवशी कोणीतरी डॉक्टरला सांगितलेलं असतं.

नातेवाईक तक्त्यात का पाहिजेत याचं सगळ्यात ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. २०१५ मधे तिथं आखाती देशांतून परतलेल्या एका माणसापासून मर्स या कोविडच्याच जातकुळीतल्या विषाणूची साथ सुरू झाली, १८६ लोकांना लागण झाली, ३८ दगावले आणि जवळजवळ सगळा प्रसार हॉस्पिटलांतच झाला. सोल शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूममधे एकाच पेशंटपासून ८२ जणांना लागण झाली, त्यात ३३ पेशंट होते, ८ कर्मचारी होते आणि ४१ जण भेटायला किंवा सोबत आलेले लोक होते. म्हणजे नुसत्या पेशंट आणि स्टाफच्या याद्या तपासल्या असत्या तर निम्मी साथ दिसलीच नसती.

तक्त्यानंतर नकाशा. वॉर्डाचा साधा कागदावर काढलेला नकाशा, त्यात कॉट, खिडक्या, पंखे, दारं, नर्सिंग स्टेशन, संडास-बाथरूम, आणि कोणत्या कॉटवर कोणत्या तारखेला केस झाली ते. पण पेशंट एका जागी नसतो, एक्स-रेला जातो, सीटी स्कॅनच्या लाइनमधे तासभर बसतो, आयसीयूतून जनरलला येतो. त्यात आपल्याकडची रेफरची साखळी लांब आहे, ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून जिल्हा, मग छत्रपती संभाजीनगरची घाटी (तिथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल), अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती), नांदेडचं विष्णुपुरीचं किंवा लातूरचं मेडिकल कॉलेज, आणि मधे १०८ ची ॲम्ब्युलन्स, जिच्यात पेशंटसोबत डॉक्टर, ड्रायव्हर आणि दोन नातेवाईक दारं बंद करून तास-दीड तास एकच हवा घेत बसलेले असतात. प्रत्येक ठिकाणी नवीन केसपेपर आणि नाव वेगळं लिहिलेलं, कुठं नवऱ्याचं नाव आहे, कुठं वडलांचं, म्हणून एकच बाई तीन याद्यांत तीन केस म्हणून मोजली जाऊ शकते. मोबाइल नंबर आणि गावाचं नाव जुळवूनच हे सुटतं.

हवेचा तपास बरेच दिवस दुर्लक्षित राहिला. २००३ मधे हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स हॉस्पिटलच्या ८ए वॉर्डात सार्स या कोविडच्याच जातकुळीतल्या आजाराच्या एका पेशंटपासून शंभरच्या वर लोकांना लागण झाली, त्याला नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) चालू होता, आणि नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्याच्याच भागातल्या पेशंटमधे लागण सगळ्यात जास्त, शेजारच्या भागात त्याहून कमी, लांबच्या भागात सगळ्यात कमी, म्हणजे लागण वॉर्डातल्या हवेच्या वाटेनं गेलेली. आपल्याकडं हा प्रश्न थंडीपेक्षा उन्हाळ्यात जास्त बोचतो, परभणी-नांदेडला पारा ४२ च्या पुढं गेला की झळा नको म्हणून खिडक्या बंद, वर ओले पडदे, आणि आत कूलर. कूलर खिडकीत बसवलेला असेल, बाहेरची हवा ओढत असेल आणि समोरून हवा बाहेर जायला वाट असेल तर त्याचा फायदाच आहे, पण बंद खोलीत मधोमध ठेवलेला कूलर तीच ती हवा सगळ्या कॉटवरून फिरवत राहतो. तपासात हे बघायला महागडं काही लागत नाही, कार्बन डायऑक्साइडचं छोटं मीटर पुरतं, बाहेर सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं, वॉर्डात हजारच्या बराच वर गेलं की लोकांनी सोडलेला श्वास आत साचतोय असं धरायचं. मोजायचं मात्र पहाटे, सगळे झोपलेले आणि दारं लावलेली असताना, दुपारी साहेबांच्या राउंडच्या वेळेला नाही.

लॅबचं काम थोडक्यात असं, नाका-घशाचा स्वॅब व्हीटीएमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमधे, २ ते ८ अंशांत थंड ठेवून पाठवायचा, पीसीआर ही विषाणू ओळखायची टेस्ट करायची. एक निगेटिव्ह आला म्हणून केस सुटली असं होत नाही आणि बरं झाल्यावर पण काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकतो. दोन पेशंटचा विषाणू एकाच साखळीतला आहे का हे जीनोम सिक्वेन्सिंगनं, म्हणजे विषाणूची जनुकं वाचून, कळतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत ही सोय आहे, कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी झाली. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या सेंट ऑगस्टिन्स हॉस्पिटलात २०२० मधे ३९ पेशंट आणि ८० कर्मचाऱ्यांना कोविड झाला, १५ पेशंट गेले, तेव्हा केसपेपर, वॉर्ड बदलल्याच्या नोंदी आणि जीनोम एकत्र ठेवून तपास केला, तर सगळी साथ बहुधा एकाच शिरकावातून झाली असं निघालं, आणि पेशंटला या वॉर्डातून त्या वॉर्डात सारखं हलवणं हे प्रसाराचं मोठं कारण ठरलं.

भारतात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे, जिल्ह्याला शीघ्र प्रतिसाद पथक असतं, साथीची खबर त्यांना द्यायची असते. खबर द्यायला हॉस्पिटलं कचरतात, कारण पहिली केस म्हणजे गुन्हेगार असं लोक धरून चालतात. पहिली केस शोधायची ती वाट कळावी म्हणून, त्या माणसाचं किंवा त्याच्या गावाचं नाव बाहेर जायलाच नको. कंत्राटी मावशी आणि मामा, म्हणजे वॉर्डातली साफसफाई आणि मदतीची माणसं, यांची भीती वेगळी, एक दिवस घरी बसलं की एक दिवसाचा पगार जातो, म्हणून खोकला दाबून कामावर येतात, आणि तपासात खरं सांगायला भितात. पगारी आजारी रजा दिल्याशिवाय त्यांच्याकडून लक्षणाची खरी तारीख मिळत नाही, हे तपास करणाऱ्यांनी प्रशासनाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं.

शेवटच्या केसनंतर त्या विषाणूची लक्षणं दिसायला लागणाऱ्या सगळ्यात लांब मुदतीच्या दुप्पट दिवस नवीन केस आली नाही, कोविडला २८ दिवस, की साथ संपली असं साधारण धरतात. तोवर डिस्चार्ज झालेल्यांना फोन करत राहायचं असतं, आणि बीड, धारूर, केज, गेवराई या भागातला पेशंट असेल तर फोनवर गाव नाही, आत्ता कुठं आहात ते विचारायचं, कारण दिवाळीच्या आसपास सुट्टी झालेला माणूस आठवड्याभरात टोळीसोबत सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेला असू शकतो, आणि मग ती माहिती तिथल्या जिल्ह्याच्या पथकाला द्यावी लागते.