परदेशी न्यायालयात हजर होणे आणि त्याचे अधिकारक्षेत्र मान्य करणे

परदेशातल्या न्यायालयाचे समन्स घरी येऊन पडले की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक जण सांगतो, उत्तर पाठवले की अडकलात. दुसरा सांगतो, वकील उभा करा, हरकत काय नंतरही घेता येईल. दोघांचीही गल्लत एकाच जागी होते. हजर होणे ही कृती आहे, तर अधिकारक्षेत्र, म्हणजे आपल्यावरचा दावा चालवण्याचा त्या न्यायालयाचा अधिकार, मान्य करणे हा त्या कृतीतून निघणारा कायदेशीर अर्थ आहे, आणि प्रत्येक हजेरीतून तो निघतोच असे नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 13 नुसार परदेशी निकाल पक्षकारांवर बंधनकारक असतो, मात्र तिथे सहा अपवाद दिले आहेत आणि त्यांतला पहिलाच अपवाद सक्षम, म्हणजे अधिकारक्षेत्र असलेल्या, न्यायालयाने निकाल न दिल्याचा आहे. निकालाची प्रमाणित प्रत हजर केली की कलम 14 प्रमाणे ते न्यायालय सक्षम होते असे गृहीत धरले जाते. ते तसे नव्हते हे दाखवण्याचा भार ज्याच्याविरुद्ध निकाल गेला त्याच्यावर येतो. तिकडे कोणत्या शब्दांत उत्तर दिले होते, हा प्रश्न इथे कळीचा होतो.

शालिगराम विरुद्ध दौलतराम कुंदनमल या प्रकरणात हैदराबाद संस्थानातल्या प्रतिवादींवर मुंबई उच्च न्यायालयात संक्षिप्त दावा, म्हणजे प्रतिवादीला बचावासाठी आधी परवानगी घ्यावी लागते असा दावा, झाला होता. त्या काळी हैदराबादच्या दृष्टीने मुंबईचा हुकूमनामा, म्हणजे दाव्यातला न्यायालयाचा निर्णायक आदेश, परदेशी होता. औरंगाबाद आणि परभणीही तेव्हा त्याच संस्थानात होती, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. प्रतिवादींनी अधिकारक्षेत्राबद्दल हरकत न घेता बचावाची परवानगी मागितली. परवानगी अटीवर मिळाली, अट पाळली गेली नाही आणि हुकूमनामा झाला. अंमलबजावणीच्या वेळी घेतलेली हरकत सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही, कारण त्या एका अर्जानेच प्रतिवादी स्वखुशीने मुंबईच्या न्यायालयाच्या अधीन झाले होते.

याच्या शेजारी 1991 चा निकाल ठेवला की फरक स्पष्ट दिसतो. तिरुपतीला लग्न झालेल्या जोडप्यातील पतीने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, नव्वद दिवसांच्या वास्तव्याच्या आधारावर, घटस्फोटाचा हुकूम मिळवला. पत्नीनेही उत्तर पाठवले होते, पण ते निषेध नोंदवून आणि तिथले अधिकारक्षेत्र मान्य नसल्याचे सांगून. अशा उत्तराने ती त्या न्यायालयाच्या अधीन होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आणि तो घटस्फोट भारतात मान्य केला नाही. पत्नी परक्या देशात जाऊन वकील नेमू शकत नाही, एवढ्यावरून तिची संमती धरली जात नाही, हा या निकालाचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो.

तरीही हरकत म्हणजे सर्वांवरचा उपाय नव्हे. दुबईतल्या बँकेच्या कर्जाच्या करारात तिथल्या न्यायालयांचे अधिकारक्षेत्र स्वीकारल्याचे कलम असेल आणि खाली सही असेल, तर संमती दाव्याच्या आधीच दिलेली असते. दावा लागला तेव्हा माणूस तिथेच राहत असेल, तरीही हरकतीला फारसा आधार उरत नाही. संयुक्त अरब अमिराती 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने परस्पर अंमलबजावणीच्या देशांत आली, त्यामुळे तिथल्या अधिसूचित न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा त्याच संहितेच्या कलम 44अ खाली थेट आपल्या जिल्हा न्यायालयात दरखास्तीने, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जाने, येतो. अमेरिकेचे तसे नाही. तिथल्या निकालावर इथे नवा दावा लावावा लागतो. कलम 13 चे अपवाद मात्र दोन्ही वाटांवर लागू आहेत.

म्हणून तिकडे उत्तर पाठवायचेच असेल, तर अधिकारक्षेत्राची हरकत पहिल्याच परिच्छेदात, बाकीच्या बचावाच्या आधी यावी. वेळ वाढवून मागणाऱ्या साध्या अर्जातही ती राखून ठेवावी. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पोच घरी जपून ठेवावी; दरखास्त लागेल तेव्हा इथल्या न्यायाधीशांपुढे हेच कागद ठेवावे लागतात.